नाव बदलण्याचा अधिकार

लिनक्स या संगणक चालवणाऱ्या यंत्रणेवर फाइलचं नाव बदलायला साधारणपणे त्या फाइलवर तुमचा काडीचाही हक्क असावा लागत नाही. ती दुसऱ्याची असू दे, तुम्हाला उघडून वाचताही येत नसू दे. नाव बदलता येतं, आणि पुसूनही टाकता येते. याच्या उलटही खरं. फाइल तुमची, तिच्यात हवं ते लिहायची मुभा तुम्हाला, पण नावातलं एक अक्षर हलवू म्हणाल तर नाही. आमच्या वाचनालयाच्या चिटणीसकाकांना मी हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "अगं, काहीतरीच काय! आपल्या घरात आपली सत्ता नाही?"

वाचनालय दांडिया बाजारात आहे. बडोद्यात मराठी माणसाचा पाय जिथे आपोआप वळतो, तिथेच. सध्या तिथल्या जुन्या स्मरणिका, हस्तलिखित अंक, गणेशोत्सवाच्या जमाखर्चाच्या वह्या असं सगळं स्कॅन करायचं काम चालू आहे. स्कॅनर प्रत्येक पानाला 'आयएमजी' आणि पुढे चार आकडे एवढंच नाव देतो. आम्हाला हवं दाखल क्रमांक, वर्ष, पान असं नाव. ते बदलणारा, आणि बदलून झाल्यावर एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवणारा छोटा प्रोग्राम मी पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत लिहिला. स्कॅनिंगला एक कॉलेजातली मुलगी बसते. ती घरी गुजराती बोलते. मोडकं मराठी वाचायला याच वह्यांवर शिकली. एका संध्याकाळी तिचा फोन आला, "बेन, आ तो ना पाडे छे."

पडद्यावर 'परमिशन डिनाइड' होतं. पण तिचं वाक्य मला जास्त नेमकं वाटलं, कारण त्यात कुणीतरी 'ना' म्हणतंय हे होतं. आता प्रश्न एवढाच की कोण, आणि कशाला.

काकांना मी वाचनालयातल्याच वस्तूंनी समजावलं. सयाजीराव महाराजांनी १९१० साली विल्यम बॉर्डन यांना अमेरिकेहून बोलावून संस्थानात ग्रंथालयांचं खातं उभं केलं. त्या शहरातल्या वाचनालयाच्या चिटणीसाला दाखल नोंदवही म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. फोल्डर ही नोंदवही समजा. तिच्यात ओळीने नावं आणि प्रत्येक नावापुढे एक क्रमांक, ज्याला युनिक्सवाले (लिनक्स त्याच घराण्यातलं) आयनोड म्हणतात. क्रमांक घेऊन कपाटाशी गेलं की फाइल सापडते. फाइलच्या अंगावर तिचं नाव कुठेही लिहिलेलं नसतं. मालक कोण, कुणी वाचायचं, कुणी लिहायचं हे असतं, नाव नसतं. नाव फक्त नोंदवहीत. म्हणजे नाव बदलणं ही नोंदवहीतली खाडाखोड झाली आणि तिच्यासाठी नोंदवहीत लिहायचा अधिकार पाहिजे. पुस्तकाला तर हातही लागत नाही. नाव खोडून टाकणं, म्हणजे फाइल पुसणं, हाही त्याच वहीतला व्यवहार. पुस्तकाच्या पानावर काही लिहायचं असेल तर मात्र पुस्तकाचा अधिकार तपासला जातो.

"म्हणजे नोंदवही ज्याच्या ताब्यात तो राजा," काका म्हणाले. बरोबर. आणि आमच्या बाबतीत नोंदवही कुणाच्या ताब्यात होती? वाचनालयात पूर्वी एक तरुण हौसेने संगणकाचं काम बघायचा. तो नोकरीसाठी पुण्याला गेला. कुणीतरी व्यवस्थित वागून त्याचं खातं काढून टाकलं. पण त्याने बनवलेले फोल्डर त्याच्याच मालकीचे राहिले. यादी काढली की मालकाच्या जागी नावाऐवजी नुसता आकडा दिसतो, कारण लिनक्सला माणसं आकड्यांनीच माहीत असतात. नाव ही आपल्या सोयीची पाटी. यात एक गंमत आहे, अंगावर काटा आणणारी. नवं खातं उघडताना बऱ्याच लिनक्स यंत्रणा आधीच्या सगळ्यात मोठ्या आकड्याच्या पुढचा आकडा देतात. काढून टाकलेलं खातं शेवटचंच असेल, तर पुढच्या नव्या माणसाला नेमका तोच आकडा मिळतो. मृत्युपत्र नाही, वारसदाखला नाही, आणि तो गेलेल्याच्या सगळ्या फाइलींचा मालक.

नकार नेमका कुठून आला हे शोधताना आणखी एक गोष्ट विसरली जाते. फाइलपर्यंत जाणाऱ्या वाटेवरच्या प्रत्येक फोल्डरमधून आत शिरायची परवानगी लागते. स्मरणिका, त्यात दशक, त्यात वर्ष, त्यात पान. मधल्या एका फोल्डरने अडवलं की पुढचे सगळे कितीही उदार असले तरी उपयोग नाही. आणि 'परमिशन डिनाइड' हा निरोप कुठल्या पायरीवर अडलं ते सांगत नाही. लिनक्सवर 'नेमआय' नावाची एक कमी वापरली जाणारी आज्ञा आहे. तिला 'एल' हा पर्याय दिला की ती वाटेवरच्या एकेका फोल्डरचा मालक आणि परवानग्या ओळीने मांडून दाखवते. अशा तक्रारीत मी सगळ्यात आधी तीच चालवते. नाव बदलण्यात तर वाटा दोन असतात, जुन्या नावाची आणि नव्या नावाची. पायथन चुकीच्या निरोपात दोन्ही नावं देतो, पण 'ना' कुठल्या बाजूने आली ते तोही सांगू शकत नाही, कारण खालच्या यंत्रणेने त्याला ते सांगितलेलंच नसतं.

आता प्रत काढण्याकडे वळते. खरा गुंता तिथे आहे.

एकाच डिस्कच्या एकाच विभागात फाइल इकडून तिकडे हलवणं म्हणजे नोंदवहीतलंच काम. दहा जीबीचं चित्रीकरणसुद्धा डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच हललेलं असतं. दुसरी डिस्क म्हणजे दुसरं वाचनालय, त्याची नोंदवही वेगळी, तिथले क्रमांक इथे चालत नाहीत. मग 'हलवणं' असं काही उरतच नाही. आधी तिकडे नक्कल करायची आणि मग इकडचं मूळ पुसायचं. युनिक्सची 'एमव्ही' ही आज्ञा हे गुपचूप करते, पायथनचं हलवण्याचं फंक्शनही तसंच. आता समजा, मूळ वाचायची परवानगी आहे, पण मूळ ज्या फोल्डरात आहे त्यात खाडाखोड करायची नाही. नक्कल पूर्ण होते, पुसताना नकार येतो. प्रोग्राम म्हणतो 'काम झालं नाही', आणि डिस्कवर तर दोन प्रती. वापरणारा पुन्हा बटण दाबतो. कुठली प्रत खरी यावर वाचनालयातले दोन सज्जन वाद घालतात. हा नकार इतर नकारांसारखा पकडून चालत नाही. नक्कल झाली आहे, मूळही जागेवर आहे, हे दोन्ही शब्दांत सांगावं लागतं.

नक्कल केलेल्या फाइलचा मालक कोण? जो नक्कल करतो तो. मूळ मालकाचं नाव पुढे जात नाही. ते जसंच्या तसं ठेवायचा अधिकार फक्त रूटला, म्हणजे यंत्रणेच्या सर्वाधिकारी खात्याला. पेन ड्राइव्हवर तर तोही चालत नाही, कारण तिथली फॅट किंवा एक्सफॅट पद्धत मालक ही कल्पनाच साठवत नाही. रूट म्हणून तिथे सगळ्या खुणांसकट प्रत काढायला गेलात तर 'ऑपरेशन नॉट परमिटेड' अशी तक्रारींची रांग लागते. लोक घाबरतात. पण आतला मजकूर सगळा व्यवस्थित गेलेला असतो; फक्त मालकाची नोंद जाऊ शकलेली नसते. हेच काम साध्या खात्यातून केलं तर लिनक्सवरची 'सीपी' ही तक्रार मुकाट्याने गिळते, कारण साध्या माणसाला मालकी टिकवता येत नाही हे तिने गृहीतच धरलेलं आहे. मला हा भेद फार शहाणपणाचा वाटतो. ज्याला अधिकार आहे त्याला सांगायचं, ज्याला मुळातच नाही त्याचं डोकं खायचं नाही.

'परमिशन डिनाइड' आणि 'ऑपरेशन नॉट परमिटेड' हे लिनक्सवर दोन वेगळे नकार आहेत. पहिल्याचा क्रमांक १३, दुसऱ्याचा १. पहिला साधारणपणे म्हणतो, सध्या लिहिलेल्या परवानग्यांत तुझं बसत नाही. त्या बदलल्या तर बसेल. दुसरा म्हणतो, हे काम तू करायचंच नाहीस, परवानग्या कितीही सैल असोत. फाइलवर 'अचल', म्हणजे कुणीही बदलायची नाही अशी, खूण लावलेली असेल तर रूटलाही दुसरा नकार मिळतो. २०१२ साली आलेल्या पायथन ३.३ने दोन्ही एका 'परमिशन एरर' नावाखाली आणले. सोयीचं आहे, मीही वापरते. पण नोंद करताना मी आतला क्रमांकही लिहून ठेवते, कारण १३वर उपाय काढायचा असतो आणि १वर बहुधा विचार.

काकांचा संगणक विंडोजचा. तिथला तंटा निराळाच. तिथे फाइल कुणी उघडून बसलं असेल तर साधारणपणे तिचं नाव बदलता येत नाही, उघडणाऱ्याने आधीच तशी मोकळीक दिली नसेल तर. लिनक्सला त्याचं काही वाटत नाही. नाव आणि फाइल वेगवेगळ्या, वाचणारा वाचत राहतो. काका एखादी पीडीएफ उघडतात, चहाला उठतात, आणि इकडे प्रोग्राम अडतो. याचा विंडोजमधला क्रमांक ३२, आणि खऱ्या परवानगीच्या नकाराचा ५. एवढं स्वच्छ असतं तर बरं होतं. अँटिव्हायरस नवी फाइल दिसली की क्षणभर ती धरून ठेवतो, आणि त्या क्षणी नाव बदलायला जाल तर कधीकधी ५च हातात पडतो. नोड या जावास्क्रिप्ट चालवणाऱ्या व्यवस्थेच्या जगात 'ग्रेसफुल-एफएस' नावाचं एक फार वापरलं जाणारं पॅकेज आहे. ते विंडोजवर असा नकार आला तर थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करतं, आणि साठ सेकंदांपर्यंत करत राहतं. मीही विंडोजपुरतं तसंच केलं आहे, फक्त बराच कमी वेळ. लिनक्सवर मात्र १३ आल्यावर पुन्हा पुन्हा विचारण्यात अर्थ नाही. मालक किंवा परवानग्या बदलेपर्यंत उत्तर बदलणार नाही.

एनटीएफएस या विंडोजच्या फाइल साठवायच्या पद्धतीचा एक जुना नियम याहून जास्त लोकांना छळतो. एकाच ड्राइव्हमध्ये फाइल कट करून दुसऱ्या फोल्डरात पेस्ट केली तर ती जुन्या जागेच्या परवानग्या अंगावर घेऊनच येते. कॉपी करून पेस्ट केली तर नव्या जागेच्या परवानग्या घेते. म्हणून कुणाच्या खासगी फोल्डरातून सगळ्यांच्या फोल्डरात 'हलवलेली' फाइल सगळ्यांना दिसते, पण उघडत नाही. असं दिसलं की मी आधी विचारते, "कट केली होती की कॉपी?" समोरचा माझ्याकडे वैद्याने भलतंच विचारल्यासारखं बघतो.

थोडं विषयांतर, पण मराठी वाचकाला हे सांगितलंच पाहिजे. आपल्यातले कितीतरी लोक विसर्गाच्या जागी कीबोर्डवरचा साधा अपूर्णविराम दाबतात. 'अंत:करण' नावाचा लेख. लिनक्सवर फाइलला हे नाव बिनतक्रार मिळतं. विंडोजच्या खिडकीत टाइप कराल तर चिन्ह चालणार नाही म्हणून सांगतं. पण एखाद्या प्रोग्रामने थेट 'अंत:करण' नावाने फाइल लिहिली, तर एनटीएफएस त्या चिन्हाचा वेगळाच अर्थ लावतो. 'अंत' नावाची शून्य बाइटची फाइल तयार होते आणि मजकूर तिच्या मागे 'करण' नावाच्या एका लपलेल्या प्रवाहात जातो. चूक नाही, नकार नाही. ती फाइल पेन ड्राइव्हवर नेली की लपलेला भाग मागेच राहतो. म्हणून आमच्या प्रोग्रामचं पहिलं काम अपूर्णविरामाचा खरा विसर्ग करणं. दुसरं काम लांबी मोजणं. लिनक्सच्या एक्स्ट४ पद्धतीत नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं. काना, मात्रा, हलन्त सगळं वेगळं धरून. एकटा 'श्री' बारा बाइटचा. म्हणजे ८५ चिन्हांत नाव संपलं पाहिजे, आणि आपल्या स्मरणिकांची नावं तर तुम्हाला माहीतच आहेत. ओलांडलं तर येणारी चूक 'नाव फार लांब' अशी असते, पण आळशी सॉफ्टवेअर सगळ्या चुकांना एकाच निरोपात कोंबतं, 'सेव्ह करता आलं नाही, परवानगी तपासा'. मग बिचारी माणसं तासन्‌तास परवानगी तपासत बसतात.

अशा वेळी हमखास कुणीतरी सल्ला देतं, "चमॉड ७७७ कर ना." चमॉड ही परवानग्या बदलायची आज्ञा: वाचायचे ४, लिहायचे २, चालवायचा १, मिळून सात, मालकाला सात, गटाला सात, जगाला सात. नकार लगेच थांबतो, हे खरं. त्या क्षणापासून त्या संगणकावरचं कुठलंही खातं, पाहुण्याचं असो की प्रिंटरचं, जुन्या वह्यांची पानं पुसू शकतं. दुसरा लाडका उपाय म्हणजे प्रोग्राम रूट म्हणून किंवा अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवणं. आज चालतो. पण आज त्याने ज्या फाइली तयार केल्या त्या रूटच्या मालकीच्या झाल्या, आणि उद्या तीच मुलगी आपल्या खात्यातून बसली की नकार दुप्पट. माझं मत स्पष्ट आहे. नकार आल्यावर मोठा हुद्दा घेऊन परत यायला सांगणारं सॉफ्टवेअर मला आवडत नाही.

दुसऱ्या टोकाला अतिनम्र प्रोग्राम असतात. ते काम करण्याआधी विचारून घेतात, मला लिहिता येईल का? उत्तर 'हो' आलं की पुढे जातात आणि तिथे तोंडावर आपटतात. विचारणं आणि करणं यांच्यामध्ये वेळ जातो. तेवढ्यात दुसरा कुणी परवानगी बदलतो, फाइल हलवतो. शिवाय नेटवर्कवरच्या डिस्कवर शेवटचा शब्द पलीकडच्या सर्व्हरचा असतो, इकडे विचारलेल्या प्रश्नाला तो बांधील नाही. सरळ करून बघावं, नकार आला तर तो नीट ऐकावा.

खरी भीती मला वेगळ्याच गोष्टीची वाटते, नकार यायला हवा तिथे तो न येण्याची. युनिक्समध्ये एका फाइलला दुसरीचं नाव दिलं, तर आधीची दुसरी मुकाट नाहीशी होते. स्कॅन करताना दोन पानांना चुकून एकच क्रमांक लागला, तर नाव बदलणारा प्रोग्राम पहिलं पान गिळून 'सर्व यशस्वी' म्हणेल. हे त्या व्यवस्थेचं व्यंग नाही. एडिटर फाइल सेव्ह करताना याच गुणावर जगतात: शेजारी नवी तात्पुरती फाइल पूर्ण लिहायची आणि मग तिला जुन्याचं नाव द्यायचं. मध्येच वीज गेली तरी एकतर जुनी सबंध असते किंवा नवी सबंध. २००९ साली एक्स्ट४ नवी असताना मशीन अचानक बंद पडून लोकांच्या सेटिंगच्या फाइली शून्य बाइटच्या झाल्या, तेव्हा जुनी फाइल आधी रिकामी करून मग लिहिणारे प्रोग्राम त्यात सापडले. आणि नवी फाइल डिस्कवर पोचल्याची खात्री न करता घाईने नाव देणारेही. पण सेव्ह करायला सोयीची ती गोष्ट आमच्या कामात घातक. लिनक्सने २०१४मध्ये आवृत्ती ३.१५ पासून 'असलेलं मोडायचं नाही' अशी अट घालून नाव बदलायची सोय दिली. पायथनमध्ये ती सरळ हाती येत नाही. म्हणून मी नव्या नावांची सगळी यादी आधी बनवते, तिच्यात एकही नाव दोनदा आलं तर कुठल्याच फाइलला हात न लावता थांबते. विंडोजवर पायथनचं साधं नाव-बदल असं मोडायला स्वतःहून नकार देतं. त्या बाबतीत विंडोज मला जास्त सभ्य वाटतं. लिनक्सवाली मित्रमंडळी माफ करोत.

नकार आलेल्या फाइलपाशी प्रोग्राम थांबत नाही. ती बाजूला नोंदवून पुढे जातो. शेवटी एकच यादी निघते, फाइल, फोल्डर, त्या फोल्डरचा मालक, क्रमांक. मराठीत. त्या संध्याकाळची यादी लांबलचक होती, पण मालकाचा रकाना खालपर्यंत एकच, पुण्याला गेलेल्याचा आकडा. मग ते फोल्डर वाचनालयाच्या गटाकडे दिले आणि प्रत्येकावर गटाची खूण लावली, म्हणजे आत जे नवं तयार होईल ते आपोआप गटाचं. उमास्क, म्हणजे नव्या फाइलीतून कुठल्या परवानग्या वगळायच्या तो आकडा, ०२२ ऐवजी ००२ केला, नाहीतर गटाला नुसतं वाचताच आलं असतं.

गटात कोण कोण असावं हे मी काकांना विचारलं. मला वाटलं, ते दोन नावं सांगतील. "हा कार्यकारिणीचा विषय आहे," काका म्हणाले आणि त्यांनी तो पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घातला. सभेत स्मरणिकेच्या जाहिरातींनंतर त्याच्यावर चर्चा झाली. एका सभासदांनी विचारलं, यात खजिनदार नको का? सूचक, अनुमोदक, ठराव मंजूर. आता गटात स्कॅनिंगवाली मुलगी आहे, काका आहेत, आणि खजिनदारही आहेत, ज्यांच्या घरी संगणक नाही.